खापरभर विस्तव

घर सोडून जाणाऱ्याने आधी चुलीची सोय लावावी आणि मग गाठोडी बांधावीत, अशी आमच्या आयर्लंडातल्या एरिसच्या किनाऱ्यावर रीत आहे. माणसं परमुलखात गेली तरी चालेल, पण घरातला विस्तव विझता कामा नये. तो शेजारच्या घरी न्यायचा, शेजारणीच्या चुलीत तिच्या विस्तवात मिळवायचा आणि मग खुशाल वाटेला लागायचं. उद्या देवाने बुद्धी दिली आणि कोणी परत आलंच, तर त्याच चुलीतून आपला विस्तव मागून आणायचा. कोण परत येतंय म्हणा! पण रीत ती रीत.

ओनोरा लॅव्हेलला त्या सकाळी हाच घोर लागला होता. बाहेर तिचा नवरा मॅनस गाठोडी आवळत होता आणि पोरगा, कोलमन, त्यातल्या एकावर बसून पाय हलवत होता. दुपारपर्यंत बेलीफाची माणसं पहारी घेऊन येणार होती. जमीनदाराने निरोपच धाडला होता की घर रिकामं करा, छप्पर उतरवू द्या, कॅनडाच्या जहाजाचं भाडं मी देतो. मोठा उदार! त्याला मेंढरं चारायला रान हवं होतं, आणि मेंढरं काही खंड चुकवत नाहीत. छप्पर उतरवायच्या आधी बेलीफ स्वतः बादली घेऊन आत जातो आणि चुलीत पाणी ओततो. कायद्यात तसं आहे म्हणे. चूल विझली की घर संपलं.

ओनोराच्या चुलीतला विस्तव मॅनसच्या पणजीने सासरी येताना माहेराहून आणलेला होता. ऐंशी वर्षं तरी झाली असतील. घरात बाळंतपणं झाली, मढी उठली, एकदा वाऱ्याने अर्धं छप्पर उडालं, पण विस्तव एक दिवस विझला नव्हता. दलदलीतून कापून वाळवलेल्या ढेपा जाळायच्या, निजताना निखाऱ्यांवर राख ओढायची, संत ब्रिजिडचं नाव घ्यायचं, सकाळी राख सारायची. लग्न होऊन आल्यापासून हे काम ओनोराचं. सासू मरताना बाकी काही बोलली नाही, फक्त चुलीकडे बोट केलं होतं.

आता हा विस्तव द्यायचा कोणाला? अकरा घरांचं गाव. त्यातली चार घरं तापाने रिकामी झाली होती, पाचांची छपरं गेल्या हिवाळ्यात उतरली होती. एक हे. उरलं एकच घर, ओनोराच्या भिंतीला भिंत लावून उभं असलेलं, साइव गॉनचं. साइवच्या घराला अजून हात लागला नव्हता, कारण तो तुकडा दुसऱ्या मालकाचा होता. आणि साइव ओनोराशी जवळजवळ एक वर्ष बोलली नव्हती. मागच्या वर्षीच्या मे महिन्याच्या पहिल्या तारखेला जे झालं तेव्हापासून. आज पुन्हा तीच तारीख होती.

मॅनस आत डोकावला. "न्यायचा तर ने, नाहीतर सोड," तो म्हणाला. "कॅनडात काय चुली नसतात?"

पुरुषांना बोलायला काय जातं!

मेच्या पहिल्या तारखेला आमच्याकडे घरातून तीन गोष्टी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत: विस्तव, दूध आणि मीठ. त्या दिवशी जो तुमच्या घरचा विस्तव नेईल तो तुमचं वर्षाचं नशीब घेऊन जातो. तुमच्या ताकाला लोणी येत नाही, ते त्याच्या घरी येतं. वासरं मरतात, पीक जातं. कोणी त्या दिवशी विस्तव मागायला आलंच, तर ते माणूस धड नाही असं समजावं आणि दार लावून घ्यावं. पाद्रीबाबा दर वर्षी चर्चमध्ये यावरून तोंड सोडायचे, आम्ही माना डोलवायचो, आणि त्यांची स्वैपाकीणसुद्धा त्या दिवशी चुलीजवळून हलायची नाही.

ओनोराला तर या गोष्टीची जास्तच धास्ती होती, आणि त्याचं कारण तिने कोणालाच सांगितलेलं नव्हतं, मॅनसलाही नाही. अठराशे सेहेचाळीस सालच्या मेच्या पहिल्या तारखेला एक भांडी सांधणारा फिरस्ता दारात आला होता. गोड बोलला, कोलमनला एक शीळ वाजवून दाखवली, आणि बोलता बोलता आत येऊन तिच्या चुलीतला निखारा उचलून चिलीम पेटवून घेतली. तिच्या ध्यानात येईपर्यंत बाबा धूर सोडत उंबऱ्याबाहेर पडलाही होता. मागून ओरडायचीही तिला लाज वाटली. आणि ऑगस्टमध्ये एका रात्रीत तिच्या वावरातले बटाटे काळे पडले. सकाळी पाला सडलेला, जमिनीखाली नुसता चिखल, आणि तो वास! मॅनस वावरात गुडघ्यावर बसून हाताने माती उकरत राहिला, आणि ती बांधावर उभी राहून मनात म्हणत होती, हे मी केलं. एका चिलमीपायी मी माझं घर बुडवलं.

त्यानंतर जे झालं ते सगळ्यांनाच झालं. खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. साइवचा नवरा फर्गल त्या कामावर जायचा, हातोडा उचलायचं बळ अंगात नसताना जायचा, आणि फेब्रुवारीत एके दिवशी खडीच्या ढिगावर बसला तो उठलाच नाही. साइवच्या पदरी तीन लेकरं: आठ वर्षांची दर्वला, सहाचा एन्डा आणि चारची विनी. ओनोराकडे अजून गाय होती. ती रोज वाडगाभर ताक भिंतीपलीकडे द्यायची. स्वतःच्या पोराच्या तोंडचं काढून द्यायची, हेही सांगायला हवं. ती वाईट बाई नव्हती हो. वाईट असती तर ही गोष्ट सोपी झाली असती.

सत्तेचाळीसचा एप्रिल सगळा पावसात गेला. साइव आठवडाभर तापाने पडून होती, दर्वलाला ओल्या ढेपा पेटवता आल्या नाहीत, आणि एक दिवस त्यांची चूल विझली. तीस एप्रिलला मदत समितीने पिवळं पीठ वाटलं. अमेरिकेतल्या मक्याचं ते पीठ. तासभर रटरटा शिजवलं तर माणसाने खावं, नाहीतर ते पोटात जाऊन फुगतं. ते पहिल्यांदा आलं तेव्हा आठवड्याभरातच त्याने कितीतरी माणसं आडवी केली होती, त्यामुळे हे एव्हाना सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

आणि एक मेच्या सकाळी साइव ओनोराच्या दारात येऊन उभी राहिली. चौकटीला धरून उभी होती. हातात फुटक्या मडक्याचं खापर होतं, तळहाताएवढं.

"खापरभर विस्तव दे गं," ती म्हणाली. "पीठ मिळालंय. पोरांचं शिजवायचंय."

चुलीपाशी कोलमन बसला होता, अंगाने नुसता सापळा, आणि गोठ्यात गाय होती, जिच्यावर त्याचा जीव तगून होता. ओनोरा पटकन उठून चुलीच्या आडवीच उभी राहिली. आज कोणता दिवस आहे ते विसरलीस का, असं तिने विचारलं. साइव म्हणाली, विसरले नाही, पण पोरं कालपासून पिठाकडे बघत बसलीत. ओनोरा म्हणाली की उद्या सूर्य उगवायच्या आत मी स्वतः आणून देते, एका दिवसाने काय होतंय? साइव तशीच उभी. जाईना. मग ओनोरा घाबरली, आणि घाबरलेलं माणूस काय बोलेल याचा नेम नसतो.

"आजच्या दिवशी विस्तव मागत फिरतात त्या बायका कोण असतात, ठाऊक आहे ना तुला?" ती म्हणाली. "माझं पोरगं मारायचंय का?"

साइवने तिच्याकडे पाहिलं. रागाने नाही, नुसतं पाहिलं, आणि खापर तसंच हातात धरून निघून गेली. वाटेत गावातल्याच म्हाताऱ्या ल्यूकसने तिच्या हातातलं खापर पाहिलं आणि दार लावून घेतलं. त्याने तरी वेगळं काय केलं? पण ल्यूकस भिंतीपलीकडचा नव्हता. ल्यूकसच्या लग्नात ती नाचली नव्हती, आणि ल्यूकसच्या पोराला तिने अंगावर पाजलं नव्हतं. ओनोराला बाळंतपणात दूध आलं नव्हतं तेव्हा कोलमनला साइवने दोन महिने पाजलं होतं. हे मी आत्ता सांगतोय. ओनोराला ते त्या क्षणीसुद्धा आठवत होतं.

चार मैलांवर लोहाराची भट्टी होती. लोहाराला मेचा नियम नसतो, लोखंडाच्या माणसाला भुताखेतांचं भय नाही. दर्वलाच्या खांद्यावर हात टाकून, बसत उठत साइव तिथवर गेली. लोहाराने विस्तव दिला, वर ओल्या ढेपेत बांधून दिला. परत यायला संध्याकाळ झाली. घरी दोघं धाकटी एकटीच होती आणि पिठाची पिशवी खुंटीला होती. एन्डाने स्टूल लावलं असेल. मुठी भरभरून कोरडं पीठ खाल्लं दोघांनी, आणि वर तहान लागली म्हणून पाणी प्यायली.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ओनोरा विस्तव घेऊन गेली. शब्दाला पक्की! साइवच्या छपरातून धूर निघत होता. साइव दारातच बसली होती आणि तिच्या मांडीवर एन्डा होता, पोट टरारून फुगलेलं, डोळे उघडे. आत विनी कण्हत होती. ती त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कण्हली.

"विस्तव आहे आता," साइव म्हणाली. पुढचं वर्षभर हेच तिचं ओनोराशी शेवटचं बोलणं ठरलं.

वर्ष गेलं. भिंत एक, त्यामुळे पलीकडचं सगळं ऐकू यायचं. साइव चूल झाकायची ते ऐकू यायचं, दर्वला खोकायची तेही. रडणं मात्र कधी ऐकू आलं नाही, आणि ओनोराला तेच सोसवत नसे. ती ताकाचा वाडगा उंबऱ्यावर ठेवून यायची. ताक दर्वला प्यायची, कारण पोरगी जगायला हवी होती. वाडगा धुऊन, पालथा घालून भिंतीवर ठेवलेला मिळायचा. नोव्हेंबरात खंडापायी बेलीफाने गाय नेली आणि तोही व्यवहार संपला. जे नशीब जपायला म्हणून ओनोराने विस्तव दिला नव्हता, ते बेलीफ दोरीला धरून घेऊन गेला. गाय वळून वळून बघत होती. ओनोरा त्या दिवशी हसली होती, आणि मॅनसला वाटलं बाईचं डोकं फिरलं.

तर अशी ती निघायच्या दिवशीची एक मेची सकाळ. ओनोराने राख सारली, चुलीतले सगळे निखारे लोखंडी भांड्यात भरले, एकूण एक. मागे फक्त राखेचा एवढासा ढीग ठेवला, रिकामी चूल बघवेना म्हणून. भांडं इतकं तापलं की फडक्यातून हात पोळत होते. भिंतीला वळसा घालून ती साइवच्या दारापुढे गेली आणि उंबऱ्याबाहेरच थांबली. दारावर थाप मारायची हिंमत झाली नाही. आतून दर्वलाने पाहिलं आणि आईला हाक मारली.

साइव बाहेर आली. पस्तिशीची बाई, केस पांढरे झालेले. तिने आधी भांड्याकडे पाहिलं, मग ओनोराकडे.

"आम्ही निघालो," ओनोरा म्हणाली. "घरचा विस्तव आहे. दुसरं कोणी उरलं नाही, म्हणून तुझ्याकडे आणलाय."

"आज कोणता दिवस आहे?" साइवने विचारलं. वर्षभर न बोललेला आवाज, पण शांत होता.

"माहीत आहे. म्हणून तर सगळा आणलाय. माझं जे काही नशीब असेल नसेल ते तुझ्या घरी राहू दे. दर्वलाला लागू दे."

मग ओनोराने ते सांगून टाकलं, जे दोन वर्षं कोणाला सांगितलं नव्हतं. फिरस्ता, चिलीम, ऑगस्टमधली ती सकाळ. माझ्याच हाताने माझे बटाटे सडले, म्हणून मी तुला नाही म्हटलं, कोलमन मरेल म्हणून नाही म्हटलं, दुष्टावा नव्हता गं, असं ती म्हणत राहिली. बोलता बोलता तिला रडू फुटलं. भांडं हातात असल्यामुळे डोळेही पुसता येत नव्हते.

साइवने सगळं ऐकून घेतलं.

"माझेही सडले होते," ती म्हणाली. "ल्यूकसचे सडले. गॉलवेपासून डोनेगलपर्यंत सगळ्यांचे सडले. सगळ्यांनीच का फिरस्त्याला चिलीम पेटवून दिली होती, ओनोरा?"

ओनोरा हे दोन वर्षांत कितीदा तरी स्वतःशी म्हणाली होती, पण दुसऱ्याच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकलं. ती भांड्यासकट खाली बसली. आता ही दार लावून घेणार, असं तिला वाटलं, आणि लावलं तर बरंच होईल असंही वाटलं.

साइव आत गेली. दार उघडंच राहिलं. चुलीवरच्या कोनाड्यातून तिने काहीतरी काढलं आणि परत येऊन ओनोरापुढे उकिडवी बसली. तिच्या हातात ते खापर होतं. तळहाताएवढं, एका कडेला टवका गेलेलं. वर्षभर तिने ते जपून ठेवलं होतं.

"यात मावेल तेवढा दे," ती म्हणाली.

"सगळाच घे ना गं. ते येतील आणि पाणी ओततील."

"सगळा मी मागितला नव्हता." साइवने खापर पुढे केलं. "पोरांचं शिजवायचं होतं. एवढाच पुरला असता."

ओनोराने भांड्यात खोचलेल्या चिमट्याने एक निखारा उचलला. तो पहिल्यांदा निसटला. दुसऱ्यांदा उचलून खापरात ठेवला. अजून एक मावत होता, तोही ठेवला. साइव उठली, खापर दोन्ही हातांनी धरून आत गेली आणि चुलीपाशी वाकली. तिने ते निखारे आपल्या विस्तवात मिळवले, की बाजूला वेगळे ठेवले, हे ओनोराला दारातून दिसलं नाही. दर्वलाने मात्र पातेल्यात पाणी ओतलं आणि खुंटीवरची पिशवी काढली, हे दिसलं. साइव परत बाहेर आली नाही.

ओनोरा उरलेलं भांडं घेऊन घरी आली तेव्हा बेलीफाची माणसं पोचली होती. चौघं जण पहारी टेकवून उभे होते, आणि बेलीफ विहिरीवरून बादली भरून आणत होता. तसा तोही याच भागातला, त्याची आई ओनोराच्या सासूच्या ओळखीची. तो नजर चुकवत होता. ओनोराने भांड्यातले निखारे पुन्हा चुलीत ओतले, नीट रचले, आणि हात पुढे केला.

"आण ती बादली," ती म्हणाली. "माझी चूल आहे."

बेलीफाने मुकाट्याने बादली दिली. तिने पाणी ओतलं. घरभर राखेची वाफ झाली आणि ऐंशी वर्षांच्या विस्तवाचा एक लांब सुस्कारा निघाला. मग तिने रिकामी बादली उंबऱ्यावर ठेवली, डोक्यावरून शाल घेतली आणि मागे न बघता बाहेर पडली. छपराचं पहिलं लाकूड मोडल्याचा आवाज ते रस्त्याला लागल्यावर आला. साइवच्या घरावरून जाताना मक्याचं पीठ शिजल्याचा वास येत होता. कोलमनने तिकडे मान वळवली, पण आई थांबली नाही म्हणून तोही चालत राहिला.

टेकडी चढून वर आल्यावर मॅनसने गाठोडं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं आणि विचारलं, "घेतला तिने?"

"घेतला."

"सगळा?"

"नाही," ओनोरा म्हणाली. "तिने मागितला होता तेवढाच."

मॅनस पुढे चालू लागला. जहाजाच्या बंदरापर्यंत, वेस्टपोर्टपर्यंत, अजून दोन दिवसांची वाट होती.